गाडीच्या पोटातली खळ

स्टिअरिंगजवळची दांडी ओढली की पंप घूं करायचा, वायपर कोरड्या काचेवर दोनदा करकरत फिरायचे आणि पाण्याचा मात्र टिपूस नाही. कडकरावांनी सातव्यांदा दांडी ओढली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. साडेअकराला लेक येणार होती. बाराला गाडीची तपासणी.

तपासणी तशी दर वर्षीची, पण यंदाची निराळी. गाडी बावीस वर्षांची. पहिल्या खेपेला ब्रेकवर नापास झाली, दुसऱ्या खेपेला मागच्या दिव्यावर. तिसऱ्या खेपेला नापास झाली की नंबरप्लेट तिथल्या तिथे उतरवतात आणि गाडी भंगारात. गाडी गेली की घरही गेलंच, कारण घर होतं टेकडीच्या माथ्यावर आणि शेवटचा बसथांबा होता टेकडीच्या पायथ्याशी. मधली चढण कडकरावांचे गुडघे एकदा चढले असते. दुसऱ्यांदा नाही.

लेकीनं गेल्याच महिन्यात जेवणाच्या टेबलावर स्पष्ट सांगून टाकलं होतं.

"गाडी पास झाली तर खुशाल राहा इथे, मी एका शब्दानं बोलणार नाही. नापास झाली तर एक तारखेला सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. कबूल, बाबा?"

"कबूल," कडकराव म्हणाले होते. तेव्हा दिवे चालू होते, ब्रेक लागत होते, हॉर्न तर असा वाजत होता की खालच्या वळणावरची कुत्री उठून बसत. कबूल व्हायला काय जातंय!

लेकीच्या घरी खोली तयार होती. पाचवा मजला, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, आणि आत पिस्ता रंग. त्या खोलीत सहा महिने राहिलं तर माणूसही पिस्ता रंगाचा होईल, असं कडकरावांचं मत होतं. पण लेकीचंही काही चुकत नव्हतं. वर्षभरात गॅस दोनदा चालू राहिला होता, चष्मा एकदा फ्रिजमध्ये सापडला होता, आणि तोही लेकीलाच. ती औषधांच्या दुकानात कामाला. दिवसभर बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायच्या, गोळ्या मोजायच्या आणि लोकांना दरडावायचं, हे तिचं काम. बापाला दरडावायला ती वेगळी तयारी करत नसे.

कडकरावांना कडकराव म्हणत ते त्यांच्या स्वभावामुळे नव्हे, त्यांच्या खळीमुळे. चाळीस वर्षं त्यांनी धुलाईचं दुकान चालवलं. त्यांची खळ बाटलीत पाण्यासारखी पातळ आणि कापडावर पत्र्यासारखी. त्यांच्या हातचा सदरा अंगातून काढून भिंतीशी ठेवला तर सकाळपर्यंत उभाच्या उभा. एका न्यायाधीशांचा डगला तर म्हणे साहेब पोचायच्या आधीच खुर्चीत बसला होता आणि वकिलांनी त्याच्यापुढे पुढची तारीख मागून घेतली होती. दुकान बंद होऊन पाच वर्षं झाली, तरी स्वतःच्या सदऱ्यांसाठी कडकराव घरी खळ शिजवत. नीळ घालून, बाटल्यांत भरून, फडताळावर रांगेनं मांडून. चिठ्ठ्या लावायची पद्धत नव्हती. बाटली हातात घेऊन एकदा हलवली की आत काय आहे ते कडकरावांना कळायचं. चाळीस वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते.

त्यांनी बॉनेट उघडलं. पंप बोलतोय आणि पाणी येत नाही, म्हणजे कुठेतरी काहीतरी अडकलंय, इतकं तर उघड होतं. टाकीचं झाकण काढून त्यांनी आत एक लांब तार सोडली. तार बाहेर आली ती एकटी आली नाही. तिच्यामागून एक लांबलचक, निळी, लिबलिबीत दोरी लोंबत आली.

कडकरावांनी ती चिमटीत धरली आणि अंगठा त्यावर फिरवला.

खळ. तीही ऐरीगैरी नव्हे, त्यांची स्वतःची.

फडताळावर वायपरच्या निळ्या पाण्याची बाटलीही असायची. मापानं तेवढीच, रंगानंही जवळपास तशीच. गेल्या महिन्यात टाकी आपणच भरली होती, हे त्यांना आठवत होतं. बाटली घेतली, झाकण फिरवलं, ओतली. पण हलवून पाहिली होती का? त्यांनी डोळे मिटले आणि तो दिवस पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. हात दिसत होता, बाटली दिसत होती, हलवणं काही केल्या दिसत नव्हतं.

गॅस, चष्मा, आणि आता ही. लेकीला हे कळलं तर ती तपासणीच्या निकालासाठी थांबायचीही नाही.

"झालं का?" बायको चहाचा कप घेऊन पायऱ्या उतरत आली.

"होतंय. पंप जरा कुरकुरतोय." कडकरावांनी हात मागे नेला.

"हात दाखवा."

"चहा दे आधी."

"अहो, हात दाखवा!"

तिनं त्यांचा पंजा ओढून पुढे घेतला आणि अंगठ्यावरचा निळा चिकट ओघळ आपल्या बोटावर घेतला. चाळीस वर्षं ती त्यांच्या शेजारच्या टेबलावर इस्त्री फिरवत आली होती. तिला काही सांगावं लागलं नाही. ती फार घाईनं म्हणाली, "माझ्याच हातून झालं असणार. परवा फडताळ पुसलं ना मी. वेंधळी कुठली."

कडकराव तिच्याकडे बघत राहिले. या बाईनं जन्मात कधी बॉनेट उघडलं नव्हतं. ते कुठून उघडतं हेही तिला ठाऊक नव्हतं. म्हणजे ती खोटं बोलत होती, त्यांच्यासाठी बोलत होती, आणि म्हणजे तिचीही खात्री होती की हे त्यांनीच केलं. पिस्त्याच्या खोलीपेक्षा हे जास्त बोचलं.

"तिला कळता कामा नये," एवढंच ते म्हणाले.

"मी काय दवंडी पिटणार आहे? कामाला लागा. दहा वाजत आले."

कडकराव जुनं पोतं अंथरून पुढच्या चाकाशी आडवे झाले. टाकीच्या बुडाशी रबराच्या कडीत पंप बसवलेला असतो. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून हिसडला, आणि टाकीनं पोटात होतं नव्हतं ते सगळं त्यांच्या छातीवर रिकामं केलं. निळ्या खळीचा लोळच्या लोळ. ते धडपडत उठून बसेपर्यंत सदरा जागच्या जागी ताठ व्हायला लागला होता.

"अगबाई, पाणी गरम करून आणते!" बायको आत धावली आणि वाफाळती किटली घेऊनच आली.

"थांब! उकळतं नको!" कडकराव ओरडले. "नळीत उरलंय ते आणखी शिजेल की! मग कायमचं बसेल तिथे."

टाकी मोकळी झाली होती, पण नळी आणि काचेखालची पाणी उडवायची दोन तोंडं गच्च होती. त्यांनी नळी तोंडावरून ओढून काढली तशी ती टोकाशी टचकन चिरली. बावीस वर्षांचं रबर ते, बिस्किटासारखं झालेलं. साडेदहा वाजले होते. बाजारात जाऊन नवी नळी आणायला टेकडी उतरायची म्हणजे गाडी हवी, आणि गाडीचं पोट तर उघडं पडलेलं. मग कडकरावांनी खिशातलं पेन काढलं, आतली कांडी काढून फेकली, पेनाची रिकामी नळी बोटभर कापली, चिरलेला तुकडा छाटून टाकला आणि दोन टोकं पेनावर चढवली. बसली. कशीबशी, पण बसली.

आता खळ. दुकानात जुनी, मुरलेली खळ काढायची असेल तर ते मोड आलेल्या सातूच्या कोमट पाण्यात कापड भिजवत. त्या पाण्यात असं काहीतरी असतं की ते पीठ खाऊन टाकतं. पण सातूला मोड यायला तीन दिवस लागतात आणि हातात उरला होता एक तास.

"अगं," कडकराव एकदम म्हणाले, "तुझं ते पचनाचं औषध. लेकीनं दिलेलं. ते कशानं पचवतं म्हणाली होती ती?"

"मला काय ठाऊक? पिठूळ खाणं जड जातं म्हणून दिलंय. दोन चमचे, जेवणानंतर."

"पिठूळ! आण. अख्खी बाटली आण."

"अहो, गाडीला औषध पाजणार?"

"तिनं पीठच खाल्लंय ना?"

बायकोनं दोन बाटल्या आणल्या. एक फोडलेली, एक नवी. नवी तिनं पर्समध्ये टाकली. "तुमच्या गाडीचं होईल, पण माझंही पोट आहे," म्हणाली. फोडलेली बाटली कोमट पाण्यात मिसळून कडकरावांनी पंप जागेवर दाबून बसवला, टाकी भरली आणि उरलेलं पाणी वाटीतून नळीच्या टोकात चोखून ओढलं. अननसाच्या स्वादाचं होतं. थोडं त्यांच्याही पोटात गेलं. बारा वर्षांपूर्वीचं जेवण पचल्यासारखं वाटलं.

मग वाट बघणं. औषधाला घाई करून चालत नाही. सदरा बदलून दोघं पायरीवर बसली. बायकोनं मनगटावरचं घड्याळ उलटं फिरवून ठेवलं, कडकरावांनी ते सरळ केलं, तिनं पुन्हा उलटं केलं. पावणेअकरा. अकराला पाच.

"ती खोली वाईट नाही हो तशी," बायको हळूच म्हणाली.

"तू बघितलीस ना खिडकी?"

"बघितली."

"काय दिसतं?"

"भिंत," ती म्हणाली.

अकरा वाजून पाच मिनिटांनी कडकराव उठले. डावं तोंड शिवणाच्या बारीक सुईनं टोकरलं तसा त्यातून निळा दोरा सुटत आला. नळी ओठांत धरून फुंकली. डावीकडून फस्सकन हवा आली. उजव्या तोंडात मात्र सुई अर्धीच शिरली. जोर लावावा तर टोक आत मोडेल, मग सगळंच संपलं. त्यांनी श्वास रोखला आणि सुई केसाएवढी फिरवली. पुन्हा केसाएवढी.

खालच्या वळणावर हॉर्न वाजला.

"आली!" बायको म्हणाली. "वीस मिनिटं आधी! या मुलीनं जन्मायलाही अशीच घाई केली होती!"

कडकरावांनी सुई ओढून काढली. नळी चढवली, बॉनेट पाडलं आणि निळं पोतं गुंडाळून झुडपात कोंबलं. लेकीची गाडी फाटकाशी थांबली तेव्हा ते फडक्यानं काच पुसत होते. उजवं तोंड मोकळं झालं की नाही, देव जाणे. दांडी ओढून बघायलाही सवड मिळाली नव्हती.

"तयार?" लेक उतरत म्हणाली. "चेहरा का असा झालाय, बाबा?"

"ऊन लागलं."

"ऊन कुठाय?"

"निघूया ना," बायको मध्येच म्हणाली आणि पर्स छातीशी धरून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

टेकडी उतरताना कडकरावांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि दोन्ही डोळे त्या दांडीवर. लेक मागून हवा हुंगत होती.

"अननसाचा वास कसला येतोय?"

"आईचं औषध सांडलं जरा."

"आणि काच बघा किती धुरकट पुसलीत. पाणी मारा की. भरपूर असेल टाकीत."

"मारू. तिथे गेल्यावर मारू."

"तिथे मळकी काच घेऊन जाणार? एक फवारा मारा, बाबा. काय जातंय?"

"सगळंच जातंय," कडकराव पुटपुटले.

"काय?"

"म्हटलं, लक्ष जातं रस्त्यावरचं."

तपासणी केंद्र म्हणजे एक मोठी पत्र्याची शेड. जमिनीवर पिवळे पट्टे, भिंतीवर गोल घड्याळ, आणि खाली तपासनीस. उंच, किडकिडीत, हातात फळी आणि फळीवर कागद. अंगात पांढरा शर्ट. सवयीनं कडकरावांची नजर कॉलरवर गेली. मरगळलेली कॉलर. घरी कुणीतरी नुसतीच इस्त्री फिरवतंय, खळीचा पत्ता नाही.

"ब्रेक," तपासनीस म्हणाला. लागले. "दिवे." पुढचे, मागचे, वळायचे, सगळे लागले. "हॉर्न." शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. तपासनिसानं कानात बोट घातलं आणि खूण केली. लेक बाजूला उभी राहून प्रत्येक खुणेवर मान हलवत होती. तिची नजर कागदावर होती, बायकोची कडकरावांवर.

"वायपर आणि पाणी," तपासनीस म्हणाला आणि वाकून काचेसमोर उभा राहिला.

कडकरावांनी दांडी ओढली. पंपानं घूं केलं. एक क्षण काही नाही. मग डावीकडून बारीक, स्वच्छ धार उडाली आणि काचेवर पसरली. उजवीकडे काही नाही.

"उजवं येत नाही, काका."

"येईल. कधी कधी लाजतं."

तपासनीस हसला नाही. "पुन्हा."

पुन्हा डावं आलं, उजवं नाही. तपासनिसानं पेन कागदावर टेकवलं. शेवटच्या चौकटीवर. कडकरावांना त्या पेनाचं टोक स्पष्ट दिसलं, आणि टोकाच्या पलीकडे पिस्ता रंग दिसला.

"एकदा, साहेब," ते म्हणाले. "एकदाच बघू द्या."

"शेवटची," तपासनीस म्हणाला आणि नीट दिसावं म्हणून आणखी पुढे वाकला.

कडकरावांनी दांडी ओढली आणि धरूनच ठेवली. घूं चढत गेलं. नळीत काहीतरी थरथरलं. वीस मिनिटं टेकडी उतरताना गाडीच्या पोटात औषध आपलं काम करत होतं, ते आता कामी आलं. फट्! उजव्या तोंडातून हरभऱ्याएवढी निळी गोळी सुटली, काचेच्या कडेवर आपटून उसळली आणि तपासनिसाच्या पांढऱ्या खिशावर जाऊन बसली. मागोमाग धार आली. ती थेट त्याच्या कपाळावर.

शेडमध्ये सगळे थांबले. शेजारच्या पट्ट्यावरचा माणूसही आपल्या गाडीचा हॉर्न दाबायचा विसरला.

तपासनिसानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खिशाकडे बघितलं. "यात काय भरलंय?" तो अगदी हळू म्हणाला. असला हळू आवाज आरडाओरड्यापेक्षा वाईट असतो.

बायकोनं तोंड उघडलं. "ते माझ्या हातून..."

"नाही, माझ्या," कडकराव म्हणाले. पळवाट उरली नव्हती. निदान तिच्यावर तरी नको. "साहेब, वय झालं. मी चुकून..."

"थांबा," लेक म्हणाली.

ती पुढे आली होती. तपासनिसाच्या खिशावरची गोळी तिनं दोन बोटांनी उचलली आणि अंगठ्यानं दाबली. धुलाईच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती लहानाची मोठी झाली होती. कपड्यांच्या गाठोड्यांवर झोपली होती, खळीच्या टोपात हात घालून मार खाल्ला होता. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"मी भरलं," ती म्हणाली.

"तू?" कडकराव आणि बायको एकदमच बोलले.

"मागच्या रविवारी. तुम्ही झोपला होतात. टाकी खाली गेलेली दिसली, म्हटलं तपासणी आहे, भरून ठेवावी. फडताळावरची निळी बाटली घेतली." तिनं बोटांतल्या गोळीकडे पाहिलं. "वाचली नाही. म्हणजे, वाचायला काही नव्हतंच. पण मी वाचायचा प्रयत्नही केला नाही."

हे तिनं सांगायची काही गरज नव्हती. गप्प राहिली असती तर म्हातारा नापास, गाडी नापास, आणि खोलीत माणसं. कडकरावांनी मान खाली घातली. तिचं बोलणं त्यांना आतपर्यंत भिडलं होतं आणि डोळ्यांचा काही भरवसा वाटत नव्हता.

तपासनीस या सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होता. "कुणी भरलं हा रकाना माझ्या कागदात नाही," तो म्हणाला. "दोन्हीकडून येतं का, एवढाच आहे. ओढा."

कडकरावांनी ओढली. दोन धारा. डावी आणि उजवी, सारख्या, स्वच्छ, काचेच्या मधोमध भेटणाऱ्या. वायपर फिरले आणि पहिल्यांदाच करकरले नाहीत.

पेन चाललं. शिक्का बसला.

निघताना कडकरावांनी काच खाली करून बायकोच्या पर्समधली नवी बाटली तपासनिसाच्या हातात दिली. "एवढं कोमट पाण्यात घालून शर्ट अर्धा तास भिजवा, खळ निघेल. नीळ मागनं साबणानं जाईल. आणि कॉलर माझ्याकडे पाठवा कधीतरी."

"हे पचनाचं औषध आहे," तपासनीस चिठ्ठी वाचत म्हणाला.

"शर्टाला सांगू नका."

टेकडीच्या पहिल्या वळणावर कडकरावांनी आरशातून मागे पाहिलं. लेकीनं पर्समधून दुकानातल्या चिकट चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला होता आणि मांडीवर वही ठेवून ती मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहीत होती.

"फडताळासाठी असतील तर नकोत," कडकराव म्हणाले. "मला हलवून कळतं."

"तुमच्यासाठी नाहीत, बाबा," ती मान वर न करता म्हणाली. "माझ्यासाठी आहेत."

कडकरावांनी उगाचच दांडी ओढली. दोन धारा उडाल्या.

"पाणी काय वाया घालवताय!" बायको म्हणाली. "आणि एक बाटली गाडीला पाजलीत, दुसरी त्या माणसाला दिलीत. आज माझं जेवण कोण पचवणार?"